हळव्या कुत्र्याला शिकवताय? या चुका टाळा

मोगरी आमच्या घरी आली तेव्हा साधारण दीड वर्षाची होती. देशी, पिवळसर, एक कान उभा आणि एक पडलेला. पहिले पंधरा दिवस ती एकदाही भुंकली नाही, चप्पल चावली नाही, सोफ्यावर चढली नाही. येणारेजाणारे म्हणायचे, "किती शहाणी आहे हो!" आम्हालाही तसंच वाटत होतं. ती शहाणी नव्हती, भेदरलेली होती. हे उमगायला आम्हाला दोन महिने लागले.

धीट कुत्र्याला शिकवताना आपलं काही चुकलं, तर तो लगेच दाखवून देतो. उड्या मारतो, पट्टा ओढतो, सरळ दुर्लक्ष करतो. हळवं कुत्रं आपली चूक गिळून टाकतं आणि कोपऱ्यात जाऊन बसतं. म्हणूनच मार नाही, ओरडणं नाही, फक्त खाऊ आणि कौतुक, असं ठरवून शिकवणाऱ्या घरांतही चुका होतात आणि महिनोनमहिने चालू राहतात. कुत्रं तक्रार करत नाही, म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं आपण धरून चालतो.

गप्प बसणं म्हणजे शांत असणं, हा समज

आधी कुत्र्याकडे नीट बघायला शिका. समोर खायला काही नसताना नाकावरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, तोंड दुसरीकडे वळवणं, पुढचा एक पाय अर्धवट उचलून धरणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, या सगळ्याचा अर्थ "मला हे जड जातंय" असा असतो. मुलं गळ्यात पडून फोटो काढतात, तेव्हा यातल्या दोन-तीन खुणा हमखास दिसतात. फोटो मात्र आपण "किती गोड" म्हणून पाठवतो.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे खाऊ. स्वयंपाकघरात पनीरसाठी मागेमागे फिरणारं कुत्रं सोसायटीच्या गेटपाशी तेच पनीर तोंडात धरत नसेल, तर ते हट्टी झालेलं नसतं. त्याला त्या जागी भीती वाटतेय आणि भीतीत शिकणं होत नाही. आणखी चविष्ट खाऊ काढू नका, मागे फिरा. जिथे ते पुन्हा सहज खाऊ लागेल, तिथून सुरुवात करा.

गुरगुरलं म्हणून रागावणं हीसुद्धा यातलीच चूक. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबून टाकली, की पुढच्या वेळी कुत्रं सूचना न देता चावतं आणि मग लोक म्हणतात, "कधी नव्हे ते अचानक चावलं!"

खाऊ आणि भीतीची वेळ उलटी होणं

ही चूक आमच्या घरात झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते. मोगरीला कुकरच्या शिट्टीची भयंकर भीती. शिट्टी वाजली की ती पलंगाखाली. आवाजाची सांगड आवडीच्या खाण्याशी घालायची, एवढं मी वाचलं होतं. मग मी काय करायचे, शिट्टी होणार असं वाटलं की आधीच पनीरचा तुकडा तिच्यापुढे धरायचे, म्हणजे तिचं लक्ष तिकडे राहील. आठवड्याभरात मोगरी पनीर बघितलं की पलंगाखाली जायला लागली. तिने अचूक हिशोब मांडला होता: पनीर आलं म्हणजे आता शिट्टी होणार.

क्रम उलटा हवा. आधी आवाज, मग लगेच खाऊ. पाव्हलोव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगातलीच ही गोष्ट आहे: जे आधी येतं, ते पुढे येणाऱ्याची वर्दी देतं. आम्ही पनीर बंद केलं, कारण ते आता बदनाम झालं होतं. उकडलेलं चिकन आणलं. कुकर लागला की मोगरीला सगळ्यात लांबच्या खोलीत, दार लोटून, माझ्याशेजारी बसवायचं. शिट्टी अगदी दबकी ऐकू यायची. ती वाजली की लगेच चिकनचे चार-पाच बारीक तुकडे, एकामागून एक. शिट्टी नाही तर चिकन नाही. आठ-दहा दिवसांनी ती शिट्टीनंतर माझ्या हाताकडे बघायला लागली. मग दार उघडं ठेवलं, मग बाहेरच्या खोलीत आलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायला अडीच महिने गेले. तिसऱ्या शिट्टीला सासूबाईंकडे बघून शेपूट हलवणारी मोगरी मी त्या उंबऱ्यावर पाहिली, तेव्हा मला रडू आलं.

अजून एक. भेदरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीला प्रोत्साहन मिळतं, असं अनेक जण ठामपणे सांगतात. भीती ही भावना आहे, बक्षिसासाठी केलेली करामत नाही. धीर दिल्याने ती वाढत नाही. कुत्रं स्वतःहून तुमच्याकडे आलं, तर खुशाल कुशीत घ्या. लपून बसायचं असेल तर लपू द्या, ओढून बाहेर काढू नका.

मागाहून रागावणं

"बघा कसा चोरासारखा बसलाय, त्याला कळतं आपण चुकलोय ते." कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. १४ पाळीव कुत्री आणि त्यांचे मालक. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरं सांगितलं, कधी खोटं. कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्याच्या गुन्ह्यावर नव्हे, मालकाच्या रागावण्यावर अवलंबून निघाला. खाऊला तोंडही न लावता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तर तो जास्तच दिसला. तेव्हा संध्याकाळी घरी आल्यावर शू दिसली, तर पुसून टाका. दुपारी बाहेर नेण्याची व्यवस्था करा, तिचा उपयोग होईल.

"मालक कोण ते दाखवा" हा सल्ला ऐकणं

आम्हालाही एका ट्रेनरने झटका द्यायची साखळी सुचवली होती. कळपाचा म्होरक्या, म्हणजे 'अल्फा', होण्याची ही कल्पना १९४७ सालच्या, बंदिस्त लांडग्यांवरच्या निरीक्षणांतून आली. ती लोकांपर्यंत पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच पुढे मोकळ्या रानातले लांडगे बघून १९९९ मध्ये तो शब्द सोडून द्यायला सांगितलं. रानातला कळप बहुधा आईबाप आणि पिल्लं असाच असतो.

पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. झटके, धाकदपटशा यांवर भर देणाऱ्या वर्गांमधल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा जास्त होत्या आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरकही, जास्त वाढलेलं होतं. हळव्या कुत्र्याला घाबरवायला तर साखळीचीही गरज नसते, चढलेला आवाज पुरतो. घरातलं भांडणसुद्धा ते स्वतःवर घेतं.

छोट्या वाटणाऱ्या चुका

तुम्ही "बस" म्हणता, बाबा "सीट" म्हणतात, मुलगा "बैठ" म्हणतो. एक शब्द ठरवा आणि फ्रिजवर लिहून लावा.

"ये" म्हणून बोलावलं आणि आंघोळ घातली, असं चार वेळा झालं की "ये" संपलं. आंघोळीसाठी स्वतः उठून त्याच्याजवळ जा. "ये" म्हटल्यावर मात्र नेहमी काहीतरी छान मिळालं पाहिजे.

बक्षीस द्यायला उशीर नको. बसल्याबरोबर एक-दोन सेकंदांत द्यायचं. खिशात पिशवी शोधेपर्यंत ते उठलेलं असतं आणि बक्षीस उठल्याचं ठरतं. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको आणि तेवढं जेवण कमी करा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण मुळीच नाही. आजी प्रेमाने शिऱ्यातला बेदाणा देतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

शिकवणी तीन-चार मिनिटांची असू द्या. जमत असतानाच थांबा.

काल येत असलेलं आज अचानक येईनासं झालं, तर आधी डॉक्टरांकडे जा. बसायला नकार देणाऱ्या कुत्र्याचे कंबर-गुडघे दुखत असू शकतात, डोक्याला हात लावू न देणाऱ्याचा कान. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल असेल तर मान, डोकं आणि हृदय आवर्जून तपासून घ्या, त्या जातीत हे आजार बरेच आढळतात.

दिवाळीची तयारी दिवाळीत करणं

फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून, प्रत्येक आवाजामागे खाऊ, हा सराव पावसाळ्यातच सुरू करा. कान टवकारून ते पुन्हा आपल्या उद्योगाला लागेल, इतकाच आवाज. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवीन काही शिकवायचं नाही. अंधार पडायच्या आत फिरवून आणायचं, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू, आतल्या खोलीत गादी.

भीती फार असेल, थरथर, लाळ, दाराला धडका, तर औषधाबद्दल डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला आणि एखाद्या साध्या दिवशी ते देऊन बघा. औषध नक्की भीती कमी करणारं आहे ना, हे स्पष्ट विचारा. नुसती गुंगी आणणाऱ्या गोळीने कुत्रं हलत नाही, भुंकत नाही, आपल्याला वाटतं झोपलं. पण त्याला प्रत्येक आवाज ऐकू येत असतो आणि पळून लपायचीही ताकद उरलेली नसते.