बाराबंदी उजळ, चेहरा अंधारात: रात्रीच्या पोर्ट्रेटचं एडिटिंग

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सोलापुरात काढलेल्या रात्रीच्या पोर्ट्रेटची अडचण बहुधा एकच असते. होम मैदानावर पांढरीशुभ्र बाराबंदी (बंदांनी बांधायचा पारंपरिक अंगरखा) घातलेला तरुण, मागे पाळण्यांचे निळे-गुलाबी एलईडी, एका बाजूने स्टॉलच्या बल्बचा पिवळा उजेड. फोटो उघडला की नजर आधी बाराबंदीवर जाते, मग पाळण्यावर, आणि चेहऱ्याचा नंबर शेवटी लागतो. हात सवयीने एक्स्पोजरच्या स्लायडरकडे वळतो आणि तिथेच घोळ होतो. चेहऱ्याबरोबर बाराबंदी आणि पाळणाही तेवढाच उजळतो, नजरेचा क्रम बदलत नाही, वर सावल्यांतला नॉइज (दाणेदारपणा) उघडा पडतो.

नजर ओढणाऱ्या गोष्टी चार: उजेड, कॉन्ट्रास्ट, भडक रंग आणि धारदार फोकस. या चारही चेहऱ्यापाशी राखायच्या आणि इतर ठिकाणी कमी करायच्या. काम मुख्यतः विझवण्याचं आहे. पुढचे आकडे लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचे आहेत आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल, आहे असं धरलंय. जेपेग असेल तर उडालेली बाराबंदी परत येत नाही.

आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) 3200 किंवा त्याच्या वर असेल तर आधी डीनॉइज; मास्क (फोटोचा निवडलेला भाग, बदल फक्त तिथेच होतो) आणि हीलिंग (नको ते पुसणं) त्यानंतर. मात्रा 40 ते 50 पुरते. 70 च्या पुढे त्वचा मेणासारखी दिसते आणि भुवया, दाढीचे केस एकमेकांत मिसळतात.

व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे फोटोची पिवळी-निळी झाक ठरवण्यासाठी, ड्रॉपर बाराबंदीवर टेकवायचा मोह होतो. ती दुधासारखी पांढरी होते खरी, पण बल्बची ऊब जाते आणि चेहरा फिका पडतो. ड्रॉपरने 2800 केल्विन दाखवलं तर 3100-3200 वर ठेवा. कापड किंचित पिवळसर राहिलेलं बरं, रात्रीच्या बल्बखाली ते तसंच दिसतं. मग हायलाइट्स उणे 40 ते 60 आणि शॅडोज जास्तीत जास्त अधिक 20. शॅडोज 80 वर नेले की काळ्याचं राखाडी धुकं होतं, त्यात जांभळट झाक येते.

आता पार्श्वभूमी. सिलेक्ट सब्जेक्ट करून मास्क उलटा करा, एक्स्पोजर उणे 0.5 ते 0.8, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उणे 20. निळे एलईडी तरीही बोचत असतील तर त्याच मास्कमध्ये फक्त निळ्या-जांभळ्याचं सॅच्युरेशन आणखी उतरवा. एलईडीचा निळा चॅनेल एकटाच कापला जातो (कमाल मर्यादेला जाऊन अडकतो), म्हणून तो सपाट आणि भडक दिसतो. पूर्ण जळालेला पांढरा गोळा मात्र खाली ओढू नका, त्याचा करडा ठिपका होतो आणि तो जास्त नजरेत भरतो. तो क्रॉपमध्ये घालवा किंवा हीलिंगने पुसा. यानंतर 100 टक्के झूम करून केस आणि खांद्यांच्या कडा तपासा. उजळ रेघ उमटली असेल तर तिथे ब्रशने, फ्लो (ब्रशचा जोर) 20 ठेवून, मास्कमध्ये भर घाला.

बाराबंदीला वेगळा वेळ द्यावा लागतो. सब्जेक्टचा मास्क घेऊन त्याला ल्युमिनन्स रेंजने (उजळपणाच्या पातळीने) छेद द्या, साधारण 65 ते 100, म्हणजे फक्त उजळ कापड हाती येतं. चेहऱ्याची चमकही पकडली गेली तर ती ब्रशने काढा. एक्स्पोजर उणे 0.6, हायलाइट्स उणे 50. मग खालून छातीपर्यंत एक लिनिअर ग्रेडियंट, उणे 0.7. कर्सर फिरवून हिस्टोग्रामखालचे (उजेडाच्या आलेखाखालचे) आकडे बघा: गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याची उजेडातली बाजू 50 ते 60 टक्के, गळ्याजवळचं कापड 65 च्या आसपास, फोटोच्या खालच्या कडेला 35-40. कापड चेहऱ्यापेक्षा थोडं उजळ राहिलं तर चालतं, पण त्याच्या चुण्यांचा कॉन्ट्रास्ट कमी हवा. क्लॅरिटी उणे 10 ने ते जमतं. याहून खाली ओढलं की बाराबंदी मळकी दिसते, आणि यात्रेतल्या माणसाला ते आवडणार नाही.

अंधार कुठे वाढवायचा हे बल्ब ठरवतो. उजेड डावीकडून आला असेल तर उजवी बाजू आणि तळ विझवा. डावीकडे काळोख टाकला तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो.

चेहऱ्याला आता फारच थोडं लागतं. रेडियल मास्क चेहऱ्याहून जरा मोठा, फेदर (कडेचा मऊपणा) 80 ते 100, एक्स्पोजर अधिक 0.3. मध्य नाकावर न ठेवता उजेडातल्या गालावर आणि त्या बाजूच्या डोळ्यावर ठेवा. अंधारातली बाजू भरून काढू नका, चेहऱ्याला गोलाई तिच्यामुळेच आहे. चेहऱ्यापुरती नारिंगी रंगाची ल्युमिनन्स वाढवून माणसाला गोरा करण्याची जी खोड बऱ्याच स्टुडिओंना आहे, ती इथे तर हमखास उघडी पडते: मान सावळी राहते आणि चेहरा पावडर फासल्यासारखा दिसतो. कपाळावर विभूती असेल तर ती राहू द्या. तो पांढरा पट्टा नजरेला आयताच डोळ्यांजवळ आणतो.

डोळ्यांत फक्त बुबुळ, अधिक 0.3. पांढरा भाग उजळला की माणूस दचकल्यासारखा दिसतो.

बारीक उजेड-सावलीसाठी फोटोशॉप सोयीचं. 50 टक्के करड्या रंगाने भरलेला लेअर, मोड सॉफ्ट लाइट, मऊ ब्रश, फ्लो 3 ते 5. फाइल 16 बिटची ठेवा, 8 बिटमध्ये गडद आकाशात पट्टे पडतात. लाइटरूमचं शार्पनिंग 40 ते 50, मास्किंग ऑल्ट दाबून 70-80 पर्यंत, म्हणजे डोळे-भुवयांना धार येते आणि काळोख मऊ राहतो. तयार विग्नेट वापरू नका. ते फ्रेमच्या मध्याभोवती पडतं आणि वरच्या कोपऱ्याकडे असलेला चेहराच काळवंडतो.

तपासायला फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करा, मग आडवा उलटा करा, मग कृष्णधवल. तिन्ही वेळा नजर आधी चेहऱ्यावर टेकली पाहिजे. फक्त कृष्णधवलमध्ये टेकत असेल तर दोष रंगाचा आहे, पाळण्याकडे परत जा. अंधाऱ्या खोलीत मॉनिटर पूर्ण उजळ ठेवून हे काम केलं तर प्रिंट हमखास काळी येते. ब्राइटनेस चौरस मीटरला 100 ते 120 कँडेलाच्या आसपास हवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर काळोखात चौकोन उमटतात. मॅट कागदासाठी एक्स्पोजर अधिक 0.3 ची वेगळी प्रत काढा. आणि फोटो चौकातल्या फ्लेक्सवर जाणार असेल तर तिसरी प्रत लागते: फ्लेक्सवर गडद छटा एकमेकींत बुडतात, म्हणून पार्श्वभूमी अर्धा स्टॉप (एक्स्पोजर अधिक 0.5) वर घ्या, नाहीतर केस आणि आकाश यांच्यातली कड दिसणारच नाही.