एकट्याने ‘पियानो फेज’ वाजवताय? या चुका टाळा

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशची १९६७ मधली ‘पियानो फेज’ ही रचना मुळात दोन वादकांची. दोघेही बारा स्वरांचं एकच आवर्तन वाजवत राहतात. एक जण लय तसूभर हलू देत नाही, दुसरा हळूहळू सरकत एक स्वर पुढे जातो आणि तिथे स्थिरावतो. असं बारा वेळा झालं की दोघे पुन्हा एकत्र. रॉब कोव्हॅक्सने २००४ मध्ये अमेरिकेत आणि पुढे रशियाच्या पीटर आयदूने ती दोन पियानोंवर एकेक हात ठेवून एकट्याने वाजवली. तेव्हापासून बऱ्याच जणांना ही खुमखुमी येते.

घरात एकच पियानो आहे म्हणून त्यावरच भागवू नका. दोन्ही हातांना त्याच पाच पट्ट्या लागतात: ई, एफ शार्प, बी, सी शार्प, डी. पट्टी वर यायच्या आत दुसरं बोट येऊन पडतं आणि स्वर गिळला जातो. वाद्यं दोन हवीत, तीही शक्यतो एकाच आवाजाची. नाहीतर दोन ओळी सुट्या सुट्या ऐकू येतात आणि त्यांच्या मिसळण्यातून उमटणाऱ्या चाली, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच हरवतात. पेडलला तर पायही लावू नका.

मूळ वादक ते बारा स्वर दोन हातांत वाटून घेतो. एकट्याच्या मात्र प्रत्येक हाताला सगळे बारा. उजव्या हातात पाच स्वरांना पाच बोटं बसून जातात. डाव्यात तेच उलटं केलं की एफ शार्प ते बी ही फाक नेमकी अनामिका आणि मधल्या बोटाच्या मध्ये येते. तिथे पंजा ताणून धरला तर थोड्याच वेळात हात दगड होतो. मनगट सोबत न्या.

खरी गोम सरकण्यात आहे. लय मिनिटाला सुमारे ७२ ठोके, ठोक्यात सहा स्वर, म्हणजे सेकंदाला सातहून थोडे जास्त. दहा आवर्तनांत सरकायचं ठरवलं, तर एका हाताचे १२० स्वर होतात तेवढ्यात दुसऱ्याचे १२१ व्हायला हवेत. फरक एक टक्क्याहूनही कमी! तबल्याची लयकारी अंगात मुरलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. दुगुन (दुप्पट लय) काय, आड (दीडपट लय) काय, मांडता येते. हे मोजायला गेलं की हात उडी मारतो. त्यापेक्षा एका हाताचं रेकॉर्डिंग लावा आणि दुसऱ्याने त्यावर सरकून बघा. राइशनेही आधी टेपवर आपलंच वादन लावून त्याच्यासोबत वाजवून पाहिलं होतं.

प्रत्येक सरकण्याच्या अर्ध्या वाटेवर एक सापळा आहे. दोन्ही हातांचे स्वर एकमेकांच्या बरोबर मधोमध पडू लागतात, लय दुप्पट झाल्यासारखी वाटते आणि कानाला ते इतकं गोड लागतं की हात तिथेच रुततो. तिथून हलत नसाल तर सरकणाऱ्या हाताकडे लक्ष देऊ नका. स्थिर हाताचा पहिला ई ऐकत राहा.

दुसरा सापळा सहाव्या टप्प्यावर, म्हणजे हात सहा स्वर पुढे सरकून स्थिरावल्यावर. तिथे एकाआड एक स्वर तंतोतंत जुळतात, ईवर ई येतो, आणि ‘आलो परत’ असं वाटून माणूस पुढच्या भागाकडे वळतो. एफ शार्पसोबत सी शार्प वाजतोय का, ते ऐका. वाजत असेल तर अजून निम्मा रस्ता बाकी आहे. पुढचं आणखी फसवं: सातवा टप्पा पाचव्यासारखाच वाजतो, फक्त हातांची अदलाबदल झालेली. त्यामुळे स्थिर हाताच्या पहिल्या ईवर दुसऱ्या हाताचा कोणता स्वर पडतो, ही बारा स्वरांची यादी पाठच करून ठेवा.

आणि स्थिर काम कमकुवत हाताकडे देऊ नका. ते सोपं वाटतं खरं, पण बारा स्वरांचा भाग संपताना सरकणारा हात विरत जाऊन थांबतो, त्याला दम खाता येतो. स्थिर हात मात्र तसाच आठ स्वरांच्या पुढच्या भागात शिरतो.