जुन्या राउटर-मोबाईलमध्ये नवं सॉफ्टवेअर टाकताय? या चुका टाळा

नवतप्यातली दुपार, समोर कूलर, हातात मठ्ठ्याचा ग्लास, आणि मी घरचा जुना राउटर स्वतःच्या हाताने मारला. कंपनीने त्याचे अपडेट कधीच बंद केले होते, म्हणून त्यात ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर टाकायला बसलो होतो. खोक्यावरचं नाव आणि फाईलचं नाव जुळलं, बटण दाबलं. दिवे लुकलुकले आणि विझले ते विझलेच. शेजारच्या पोराने राउटर उलटा करून स्टिकरवर बोट ठेवलं. "काका, हे तर व्हर्जन नऊ होय. तुम्ही आठची फाईल काहून टाकली?"

निम्म्याहून जास्त घोळ इथेच होतात. मॉडेलचं नाव तेच राहतं आणि आतली चिप बदलते. मोबाईलमध्ये तर आणखी गंमत आहे. भारतात 'रेडमी नोट ५' म्हणून विकला गेलेला फोन वेगळा आणि चीनमध्ये त्याच नावाने विकला गेलेला वेगळा. आपल्याकडच्याचं सांकेतिक नाव 'व्हिन्स', तिकडच्याचं 'व्हायरेड', आणि तो व्हायरेड आपल्याकडे 'नोट ५ प्रो' या नावाने आला. म्हणून लिनिएजओएस (जुन्या फोनसाठीचं अँड्रॉइडवर आधारलेलं मोफत सॉफ्टवेअर) उतरवताना दुकानातलं नाव विसरा. सेटिंगमधला मॉडेल नंबर बघा, त्यावरून सांकेतिक नाव शोधा आणि फाईलच्या नावात तेच आहे का, हे एकेक अक्षर वाचून बघा.

राउटरबाबत मेमरीही आधी तपासा. ८ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम यांपेक्षा कमी असेल तर नादी लागू नका. स्वस्तातले बरेच जुने राउटर ४ आणि ३२ वाले असतात आणि त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही शेवटची अधिकृत मालिका होती. फाईलही दोन प्रकारची असते. कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून पहिल्यांदा येताना सहसा 'फॅक्टरी' आणि नंतरच्या अपडेटला 'सिसअपग्रेड'.

आता एक खोटी भीती. फाईल नीट बसते, राउटर सुरू होतो, पण मोबाईलवर वाय-फायचं नावच दिसत नाही. लोक राउटर डेड झाला म्हणून सरळ भंगारात टाकतात. तो जिवंत असतो! ओपनडब्ल्यूआरटीमध्ये बहुतेक राउटरवर सुरुवातीला वाय-फाय बंदच ठेवलेलं असतं. लॅनची वायर लावा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, 'रूट' नावाने पासवर्डशिवाय आत जा. आधी पासवर्ड ठेवा, मग वाय-फाय चालू करा.

फ्लॅश करताना, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चढवताना, राउटर इन्व्हर्टरवरच हवा. मे महिन्यात संध्याकाळी वावधन सुटलं की लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि राउटरला स्वतःची बॅटरी नसते. त्या दोन-चार मिनिटांत अधीर होऊन प्लग काढणारेही मी पाहिलेत. मी स्वतः त्यातलाच.

मोबाईलचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं हे ठरवणारं कुलूप, उघडला की आतलं सगळं पुसलं जातं. फोटो, व्हॉट्सॲप, सगळं. जुन्या शाओमी फोनला परवानगीसाठी बहुधा १६८ तास थांबावं लागतं; 'पाच मिनिटांत उघडून देतो' म्हणणाऱ्याला कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका. आणि रोजच्या वापराच्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग नकोच. बूटलोडर उघडा असला की काही बँकांची आणि यूपीआयची ॲप चालायला नकार देतात. पानठेल्यावर वीस रुपये द्यायला उभे आहात आणि ॲप उघडत नाही, ही फजिती फोन वाचवल्याच्या आनंदापेक्षा मोठी असते.

पाठ फुगलेल्या फोनला कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही. नागपूरच्या उन्हात खिडकीला कॅमेरा म्हणून चोवीस तास चार्जरवर टांगलेले फोन हमखास फुगतात. टोचू नका, दाबू नका, बर्डीवर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

विंडोज १० च्या नेहमीच्या सपोर्टची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हापासून लोक चांगले लॅपटॉप मातीमोल भावात विकायला निघालेत. लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरायच्या मोफत सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती त्यातल्या बऱ्याच लॅपटॉपवर आरामात चालते. मात्र प्रोसेसर ६४ बिटचा हवा. मिंट २० पासून ३२ बिटची आवृत्ती निघतच नाही. इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज आणि मराठी टायपिंग बघून घ्या. पेनड्राइव्ह मात्र रिकामा घ्या, कारण तो पूर्ण पुसला जातो. एकाने ताईच्या लग्नाचे फोटो असलेलाच घेतला होता.

सगळं ठीक होऊनही प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल तर लॅपटॉपचं घड्याळ बघा. तारीख २०१० वगैरे दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुधा सीआर२०३२ नावाचा, रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. तो बदलला की तक्रार बंद.

माझ्या राउटरचं काय झालं? काही राउटर रीसेट दाबून धरून सुरू केले की नेटवर्कवरून फाईल मागतात. कॉम्प्युटरला ठरलेला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचा, फाईलला ठरलेलं नाव. पोराने तसंच करून तो उठवला. आता तो गच्चीवरच्या खोलीत आहे. स्टिकर उन्हाने फिका पडायला लागला, म्हणून पाठीवर मार्करने मोठा ९ काढून ठेवलाय.