ओरल्सचा अभ्यास: फुकटचा माल कुठून उचलायचा आणि तो वाचायचा कसा

मर्चंट नेव्हीत सेकंड मेट, म्हणजे डेकवरचा ऑफिसर, व्हायच्या ओरल्सची (तोंडी परीक्षेची) तयारी करणारं पोरगं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, नोट्स आहेत का?" आणि मग कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरची, झेरॉक्सची झेरॉक्स असलेली पीडीएफ दाखवणार, ज्यात मर्चंट शिपिंग ॲक्ट अजून १९५८चाच आहे, २०२५ मध्ये नवा कायदा पास झालाय त्याचा पत्ताच नाही. काहींनी तर त्यासाठी पैसे मोजलेले असतात. अरे, मूळ माल फुकट पडलाय ना!

आधी एक गोष्ट, जे काही घ्यायचं ते जॉइन व्हायच्या आधी घरच्या वायफायवर उतरवून घ्या. स्टारलिंक आता बऱ्याच शिप्सवर आलंय, पण बारा-चारचा वॉच (ब्रिजवरची पाळी) करून आलेला माणूस घरी व्हिडिओ कॉल करणार की पीडीएफ शोधत बसणार? सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवा. आणि आपला पेनड्राइव्ह एक्डिसला (शिपवरच्या इलेक्ट्रॉनिक चार्टच्या यंत्रणेला) किंवा ब्रिजवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावायचा नाही म्हणजे नाही, चार्जिंगसाठी मोबाइलसुद्धा नाही.

नेव्हिगेशनसाठी अमेरिकेच्या एनजीए या सरकारी संस्थेची साइट बघा. १८०२ पासून चालत आलेलं नेव्हिगेशनचं जाडजूड पुस्तक, बाउडिच, तिथे अख्खं फुकट आहे, शिवाय साइट रिडक्शन टेबल्स, म्हणजे सूर्य-ताऱ्यांवरून आपली जागा काढायचे तक्ते (पब २२९), आणि इंटरनॅशनल कोड ऑफ सिग्नल्स (पब १०२) पण. बाउडिच पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, झोप येईल, टाइड्स, सेलेस्टियल (सूर्य-ताऱ्यांवरून नेव्हिगेशन), जे अडलंय तेवढंच काढा. सेफ्टीसाठी ब्रिटिश सरकारच्या साइटवरून कोड ऑफ सेफ वर्किंग प्रॅक्टिसेस घ्या, एन्क्लोज्ड स्पेस (टाक्यांसारख्या बंदिस्त जागा) आणि मूरिंग (शिप दोरांनी बांधणं) यावरची प्रकरणं तरी नक्की वाचा. इंजिनवाल्यांनी मॅन (आता नाव एव्हरलेन्स) या इंजिन कंपनीचे प्रोजेक्ट गाइड बघावेत, मी डेकवाला, त्यात जास्त बोलत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एमएआयबीचे अपघाताचे रिपोर्ट. ब्रिटनची ही तपास संस्था १९८९ पासून काम करतेय, रिपोर्ट फुकट मिळतात आणि भाषा एकदम सोपी असते. पोरं थेट शेवटचं कन्क्लूजन वाचून मोकळी होतात, तसं करू नका. पहिला भाग असतो फॅक्चुअल इन्फॉर्मेशनचा, म्हणजे किती वाजता कोण ब्रिजवर होतं, रडार कुठल्या रेंजला होता वगैरे. तेवढा वाचा आणि थांबा. मग वही घेऊन स्वतः लिहा की टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी कुठला रूल मोडला, तुम्ही ओओडब्ल्यू (वॉचवरचा ऑफिसर) असता तर कॅप्टनला कधी बोलावलं असतं. त्यानंतरच दुसरा भाग, ॲनॅलिसिस, उघडा. पहिल्या दोन-तीन रिपोर्टमध्ये आपण सपशेल चुकतो, मी पण चुकलो होतो, पण पाचव्या-सहाव्यापर्यंत सर्व्हेयर, म्हणजे ओरल्स घेणारा परीक्षक, कसा विचार करतो ते डोक्यात बसायला लागतं.

उदाहरणार्थ फॉग. ओरल्सला विचारतात की फॉगमध्ये, दुसरी शिप नुसती रडारवर दिसतेय, तर गिव्ह-वे (वाट देणारी शिप) कोण? आणि पोरगं फाडकन क्रॉसिंगचा रूल १५ सांगून मोकळं. अरे, एकमेकांना डोळ्यांनी दिसत नाही तोवर रूल १५ लागतच नाही, तिथे रूल १९, त्यात स्टँड-ऑन (आपला कोर्स-स्पीड तसाच ठेवणारा) असा कोणी नाहीच, क्लोज क्वार्टर्स (धोकादायक जवळीक) होत असेल तर ॲक्शन दोघांनीही घ्यायची, आणि बीमच्या (आपल्या शिपच्या काटकोनातल्या रेषेच्या) पुढे असलेल्या शिपसाठी पोर्टला (डावीकडे) वळणं शक्यतो टाळायचं, ओव्हरटेक करत असाल तर वेगळं. हे पाठ करून राहत नाही, फॉगमधल्या टक्करीचा एखादा रिपोर्ट वाचला की राहतं.

पॅसेज प्लॅनिंगचा, म्हणजे सफरीचा मार्ग आखायचा, हात बसवायला ओपनसीपीएन हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि त्यात नोआ या अमेरिकन सरकारी संस्थेचे चार्ट भरा, तेही फुकट, फक्त अमेरिकेच्या पाण्यापुरते. सॅन फ्रान्सिस्कोची अप्रोच घेऊन बर्थ टू बर्थ (धक्क्यापासून धक्क्यापर्यंत) प्लॅन करून बघा, टीएसएस (येण्या-जाण्याच्या वेगळ्या लेन), पायलट स्टेशन, अंडर कील क्लिअरन्स (तळाखाली उरणारं पाणी) सगळं येतं त्यात. हे सरावापुरतं हं, शिपवर एक्डिसच्या जागी नाही. स्टॅबिलिटी (शिपचा तोल) हा विषय कच्चा असेल तर एनपीटीईएल या फुकट लेक्चर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्रोफेसरांची नेव्हल आर्किटेक्चरची लेक्चर्स आहेत, जरा लांबण लावतात, स्पीड वाढवून बघा.

आणि हो, ऑनलाइन सर्टिफिकेटच्या नादात पैसे घालवू नका. एसटीसीडब्ल्यूच्या (खलाशांच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) कोर्ससाठी डीजी शिपिंग या आपल्या सरकारी खात्याची मान्यता असलेलीच इन्स्टिट्यूट चालते, तेव्हा आधी डीजीच्या साइटवर यादीत नाव बघा आणि मगच फी भरा. तिथे गेलाच आहात तर नवीन सर्क्युलर पण चाळा, तोंडीला ते विचारतातच.

शेवटी, ओरल्स तोंडाने द्यायची असते आणि आपण वाचतो मात्र मनात. रोज एक रूल इंग्लिशमध्ये मोठ्याने बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि स्वतःच ऐका. मी गॅलरीत उभा राहून करायचो, शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, पोराचं कोणाशी वाजलंय का म्हणून.