एफवायला अभ्यास आपला आपण लावताना

बारावीपर्यंत क्लासचे सर मानगुटीवर बसून घोकून घ्यायचे. एफवायला विचारणारं कोणीच नाही. पहिल्या इंटर्नलला मला वीसपैकी सात!

मग आधी विद्यापीठाच्या साइटवरून सिलॅबस काढला, झेरॉक्स करून कपाटाच्या दाराला चिकटवला. शिकवून झालेल्या टॉपिकवर पेन्सिलने टिक.

खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. लेक्चर झालं की त्याच संध्याकाळी वही मिटायची आणि कोऱ्या पानावर आठवेल तेवढं लिहायचं. 'मागणीची लवचिकता' लिहायला बसलो तर व्याख्येपुढे पेन हलेना! अडलं तिथे लाल खूण, दुसऱ्या दिवशी मॅडमना तेवढंच विचारायचं.

घरी जमत नसेल तर नाशिकचं सावाना (सार्वजनिक वाचनालय) गाठा, १८४० पासूनचं आहे. मोबाइल बॅगेत. मिसळ नंतर, आधी खाल्लीत तर डुलक्या ठरलेल्या.