लॅटव्हियन सिनेमातल्या मुलांवर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

सोव्हिएत राजवट, महायुद्धं, 1991मध्ये पुन्हा मिळालेलं स्वातंत्र्य हे तुम्ही वाचलेलं असणारच. माझं काम महिनोन्महिने जिथे अडून राहिलं, तेवढंच सांगते.

‘मुलाच्या निरागस नजरेतून दिसणारा इतिहास’ हे वाक्य प्रबंधात येऊच देऊ नका. प्रत्येक चित्रपटासाठी आधी सालं मांडा. बालपण कधीचं, ते लिहिलं कधी, पडद्यावर कधी आलं आणि पैसा कुणाचा? ‘बिले’ हा चित्रपट घ्या. 1930च्या दशकातलं रीगा (लॅटव्हियाची राजधानी), गरीब घरातली मुलगी. हे बालपण कवयित्री विझ्मा बेल्शेवित्सा यांचं. सोव्हिएत काळात काही वर्षं त्यांचं लिखाण छापलंच जात नव्हतं. ही आठवण पुस्तक होऊन आली 90च्या दशकात. इनारा कोल्माने यांचा चित्रपट 2018चा, देशाच्या स्थापनेच्या शताब्दीनिमित्त सरकारी मदतीने निघालेल्या 16 चित्रपटांपैकी एक. म्हणजे बिलेच्या डोळ्यांआडून बंदी सोसलेली कवयित्री बघते, दिग्दर्शिका बघते आणि शताब्दी साजरी करणारं राज्यही बघतं. यांतलं कोण कुठे बोलतंय, हे प्रसंगागणिक वेगळं काढावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

‘पुइका’ हा चित्रपट तर 1977चा, सोव्हिएत काळातला. मूळ पुस्तकाचे लेखक यानिस याउन्सुद्राबिन्श मात्र 1944मध्ये देश सोडून जर्मनीत गेले आणि तिथेच वारले. शेतावरच्या या बालपणात राष्ट्रीय इतिहास कुठे आहे, असं कुणी विचारलं तर घाबरू नका. परागंदा लेखकाचं गाव तेव्हा पडद्यावर आलं, इथून उत्तराला सुरुवात करा.

महोत्सवांच्या माहितीपत्रकांतले सारांश वाचून लिहिणं सरळ फसवणूक आहे. सबटायटलवरही विसंबू नका; कोण लॅटव्हियन बोलतंय आणि कोण रशियन, ते कानांनीच टिपावं लागतं. पण भाषा येत नाही म्हणून विषय सोडू नका, तेवढा फरक सवयीने कळू लागतो. ‘आधी थिअरी, मग सिनेमा’ म्हणणारे मार्गदर्शक मला पटत नाहीत. जे शेजारी बसून अख्खा चित्रपट बघतील, त्यांनाच धरा.

1989च्या ऑगस्टमधल्या मुलींचा ‘पॅरडाइज 89’ हा चित्रपट मोहात पाडेल. 23 ऑगस्टला एस्टोनियातल्या तालिनपासून लॅटव्हियामार्गे लिथुआनियातल्या विल्निअसपर्यंत स्वातंत्र्यासाठी माणसांची साखळी उभी राहिली, तो हा महिना. तरी सुरुवात इल्झे बुर्कोव्स्का याकोब्सेन यांच्या ‘माय फेव्हरिट वॉर’ या 2020च्या ॲनिमेशनपटाने करा. तिथे दिग्दर्शिका स्वतःचंच बालपण सांगते, त्यामुळे मूल आणि मोठं माणूस दोघंही उघड दिसतात. ‘बिले’ त्यानंतर.