उजवा स्नायू, डावीकडे मान

इंदूरला फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाची वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. विषय एससीएम, म्हणजे मानेच्या बाजूचा स्टर्नोक्लीडोमॅस्टॉइड स्नायू. प्रश्न आला, "उजवा एससीएम आकसला तर चेहरा कुठे वळेल?" मी ठासून सांगितलं, "उजवीकडे." सर हसलेसुद्धा नाहीत. "स्वतःच्या मानेला हात लाव आणि वळून बघ." उजवीकडे वळले, बोटांखाली काहीच नाही. डावीकडे वळले आणि उजव्या बाजूला ताठ दोरी उभी राहिली.

तेव्हापासून नव्या पोरांना सांगते, स्टर्नोक्लीडोमॅस्टॉइड पुस्तकाआधी आरशात वाचा. नावातच पत्ता आहे: स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लीडो म्हणजे गळ्याशी आडवं असलेलं हाड, मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. खाली दोन मुळं. छातीच्या हाडावरचं दोरीसारखं गोल, दुसरं चपटं, आडव्या हाडाच्या आतल्या तिसऱ्या भागावर. दोघांमधल्या खळगीच्या मागे मोठी शीर असते, तिथे उगाच दाबत बसू नका. खालचं टोक समोर आणि वरचं मागे, म्हणून आकसल्यावर कानामागचं हाड पुढे ओढलं जातं. कान त्याच खांद्याकडे झुकतो, चेहरा मात्र पलीकडे.

नर्व्ह सप्लाय, म्हणजे स्नायूला कोणती नस जाते, हे विचारलं की "अकरावी" (कवटीतून बाहेर येणारी अकरावी नस) म्हणून मोकळे होऊ नका. ही नस एससीएमला फांदी देऊन मगच पुढे ट्रॅपेझियसकडे, म्हणजे खांदा उचलून धरणाऱ्या पाठीच्या स्नायूकडे जाते. मानेच्या मागच्या त्रिकोणातली गाठ काढताना ती दुखावली, तर एससीएम शाबूत राहतो आणि खांदा पडतो. वायवात हमखास विचारतात. बाकी रक्तपुरवठा वगैरे पाठच करावा लागतो, त्याला इलाज नाही.

पुढे रामबागेत काम करताना एक आजी तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. "सारखा डावीकडेच बघतो, त्याला खिडकीची सवय लागलीय." सोबतची सून गप्प होती. बाळाचं डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं, हनुवटी डावीकडे. मी उजव्या मानेवर बोट फिरवलं. घट्ट पट्टा. बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलं, मग हलके ताण सुरू केले. घरी काय करायचं, सुनेनं पहिल्यांदाच तोंड उघडून विचारलं.

"पाळणा फिरवून ठेवा. खिडकी त्याच्या उजवीकडे आली पाहिजे. आणि आजी, खुळखुळाही तिकडूनच वाजवायचा."